डावातली नीती आणि डावाबाहेरची

परळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. प्रदर्शन आटोपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा आला आणि आठवीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "सर, तुम्ही शास्त्रज्ञ आहात म्हणून विचारते. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. एरवी अगदी गरीब. पण आईच्या मोबाइलवर तो गाडीचा खेळ खेळतो आणि गाडी फूटपाथवर घालून माणसं चिरडतो. त्याच्या आईनंच मला दाखवलं. मी वर्णनात्मक नोंदींत लिहिलंय, 'आक्रमक प्रवृत्ती, लक्ष ठेवणे आवश्यक.' बरोबर केलं ना?"

मी मानसशास्त्रज्ञ नाही. माझा विषय रसायनशास्त्र. पण एखादे उपकरण जे मोजते असे आपण म्हणतो, तेच ते खरोखर मोजते का, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. बी.एड.च्या पुस्तकात त्याला चाचणीची सप्रमाणता म्हणतात. बाईंच्या शेऱ्यामागे एक गृहीतक होते. ते असे की, व्हिडिओ गेम ही नीतीची चाचणी आहे आणि मुलगा तीत नापास झाला आहे. हे गृहीतक पुष्कळ पालकांचे आणि वर्तमानपत्रांचेही असते. ते कितपत टिकते ते या लेखात पाहू.

चाळीतला घरमालक

सुरुवात व्हिडिओ गेमपासून न करता 'व्यापार'पासून करू. तो पुठ्ठ्याचा पट, रंगीत नोटा आणि छोटी घरे बहुतेक वाचकांच्या ओळखीची असतील.

माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. वडील गिरणीच्या साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि माझ्या वडिलांसारख्या अनेकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. खोली पागडीची होती. महिन्याच्या सुरुवातीला भाडे वसूल करायला मालकाचा मेहता यायचा, आणि तो जिन्यावर दिसला की गॅलरीतल्या गप्पा थांबायच्या. मालक म्हणजे काय, हे आम्हा मुलांना कुणी शिकवावे लागले नाही.

अशा त्या चाळीत मे महिन्याच्या दुपारी व्यापाराचा डाव पडायचा आणि आमच्यापैकी प्रत्येकाला मालक व्हायचे असायचे. माझी धाकटी आत्या या खेळात कसाई होती. ती शहरे विकत घेई, त्यांवर घरे बांधी आणि समोरच्याची शेवटची नोट निघेपर्यंत भाडे वसूल करी. "काकू, सोडा ना या वेळी," असे कुणी म्हटले तर ती म्हणे, "दयामाया डाव संपल्यावर." संपाच्या काळात शेजारच्या दोन घरांतल्या मुलांना रोज संध्याकाळी जेवायला बसवणारी बाई हीच. तिच्या डावातल्या वागण्यावरून तिच्या नीतीचा अंदाज कुणी बांधला असता, तर तो पूर्ण चुकला असता.

या खेळाच्या मुळाशी एक चमत्कारिक गोष्ट आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ मध्ये 'द लँडलॉर्ड्स गेम' नावाच्या खेळाचे पेटंट घेतले. जमीनमालकी मूठभरांच्या हाती गेली की बाकीचे कसे भिकेला लागतात, हे लोकांना खेळातून कळावे असा त्यांचा हेतू होता. त्यांनी नियमांचे दोन संच केले होते. एकात कुणाचीही मिळकत वाढली की सगळ्यांना तिचा लाभ होई. दुसऱ्यात एकजण सगळे गिळंकृत करी आणि जिंके. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने त्यांच्याकडून या खेळाचे पेटंट ५०० डॉलरना विकत घेतले. जगभर पसरला तो दुसऱ्या संचाचा नातेवाईक, 'मोनोपॉली'. आपला व्यापार त्याच घराण्यातला. मालकशाहीवर टीका करायला काढलेल्या खेळात लोकांना मालक होण्याचीच गंमत वाटली. पण त्यामुळे खेळणारे लोक मालकशाहीचे समर्थक ठरत नाहीत. खेळाने जे जिंकणे म्हणून ठरवले, ते मिळवायचा प्रयत्न त्यांनी केला, एवढेच यातून सिद्ध होते.

पटावरचे पुण्य

आता याच्या उलट टोकाचा खेळ पाहू. आपल्याकडचा मोक्षपट नीती शिकवण्यासाठीच होता. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. आज हाती असलेले पट त्यांच्या काळाच्या पुष्कळ नंतरचे आहेत. दया, दान, भक्ती अशा गुणांच्या घरांवरून शिडी वर नेते. काम, क्रोध, लोभ अशा दोषांच्या घरांवर साप असतो. इंग्रज हा खेळ घेऊन गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत त्याची सापशिडी झाली, आणि हळूहळू घरांवरची नावे पुसली गेली.

मोक्षपटाचा हेतू उदात्त आहे. पण खेळाडूच्या नीतीची परीक्षा म्हणून तो निरुपयोगी आहे, कारण त्यात निवडच नाही. लोभाच्या घरावर सोंगटी जाते ती कवड्यांच्या दानामुळे, खेळणाऱ्याच्या लोभामुळे नव्हे. पट उपदेश करतो, खेळाडूविषयी काहीच सांगत नाही.

संगणकावरच्या खेळांनी जी नवी गोष्ट आणली, ती म्हणजे निवड आणि तिची नोंद. रिचर्ड गॅरियट याचा 'अल्टिमा ४' हा खेळ १९८५ मध्ये आला. आधीच्या खेळांवर पालकांची जी पत्रे आली, ती वाचून असा खेळ करावासा वाटला, असे त्याने सांगितले आहे. या खेळात राक्षस मारून जिंकता येत नाही. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय असे आठ गुण अंगी बाणवावे लागतात. त्यात औषधी वनस्पती विकणारी एक आंधळी बाई आहे. माल घेतल्यावर किती नाणी द्यायची, ते खेळाडूनेच सांगायचे असते. कमी दिली तर ती काहीच म्हणत नाही. संगणक मात्र गुपचूप नोंद करतो आणि खेळाडूचा प्रामाणिकपणा घटतो.

मला हा प्रसंग फार आवडतो. कुणी पाहत नसताना माणूस कसा वागतो, हे इथे नेमके हेरले आहे. पण पहिल्या खेळीपुरतेच. कारण हिशेब ठेवला जातो हे एकदा कळले, की आंधळ्या बाईला पुरे पैसे देणे म्हणजे गुण कमावणे होते. भिकाऱ्याला नाणे द्यायचे ते करुणेचा आकडा वाढावा म्हणून. परीक्षेला काय येणार ते ठाऊक झाल्यावर मुले काय करतात, हे शिक्षकांना सांगायला नकोच.

पुढे अशी पाप-पुण्याची खाती अनेक खेळांत आली. २००८ मधल्या 'फॉलआउट ३' या खेळात अणुयुद्धानंतरचे उद्ध्वस्त जग आहे. त्यातल्या एका वस्तीच्या मधोमध न फुटलेला अणुबॉम्ब पडलेला आहे. तो निकामी करायचा, की पैसे घेऊन सगळी वस्ती उडवायची, ते खेळाडूने ठरवायचे. वस्ती उडवली तर खात्यावर मोठे पाप जमा होते. पण नंतर तहानलेल्या भिकाऱ्यांना शुद्ध पाणी पाजत राहिले, की खाते पुन्हा पुण्याकडे झुकते. एका वस्तीची किंमत इतके इतके पेले पाणी! नीतीचा हा हिशेब कोणत्याही धर्मशास्त्राला मान्य होणार नाही. (आपल्या देशात हा खेळ त्या वर्षी एका कंपनीच्या खेळयंत्रासाठी विक्रीला आलाच नाही. 'सांस्कृतिक संवेदनशीलता' एवढेच कारण दिले गेले. खेळातल्या दुतोंडी गाईंना 'ब्राह्मिन' असे नाव आहे, त्यामुळे असे झाले असावे असा तर्क तेव्हा केला गेला.)

संशोधन काय सांगते

याच 'फॉलआउट ३'वर २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अँड्र्यू वीव्हर आणि निकी लुईस या दोघांनी ७५ जणांना खेळाचा पहिला अंक खेळायला लावले. आधी त्यांच्याकडून नैतिक मूल्यांची एक प्रश्नावली भरून घेतली होती. बहुतेकांनी पडद्यावरच्या पात्रांशी खऱ्या माणसांशी वागावे तसेच वर्तन केले. कोण कशी निवड करील, याचा काही अंदाज प्रश्नावलीवरून येत होता. जे वाईट वागले त्यांना अपराधी वाटले, पण त्यांच्या मजेत उणेपणा आला नाही.

त्याच वर्षी स्वेन योकेल आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जे मूल्य खेळाडूला मनापासून महत्त्वाचे वाटते, ते खेळातही तो सहसा मोडत नाही. जे मूल्य त्याला तितकेसे महत्त्वाचे वाटत नाही, तिथे त्याची निवड जवळजवळ नाणेफेकीसारखी होते.

म्हणजे बाईंचे बरोबर होते की काय? इथे सप्रमाणतेचा प्रश्न विचारला पाहिजे. या अभ्यासांत खेळातली निवड कशाशी ताडून पाहिली? प्रश्नावलीतल्या उत्तरांशी. प्रश्नावली भरायला काही पडत नाही, आणि खेळात पुण्य करायलाही काही पडत नाही. दोन फुकट गोष्टी एकमेकींशी जुळल्या, एवढे त्यातून कळते. खऱ्या वागण्याशी जुळणी कुणी पाहिलीच नव्हती.

ती एका वेगळ्या प्रयोगात पाहिली गेली. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात द्रीस बोस्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये उंदरांचे दोन पिंजरे मांडले. एकात पाच उंदीर, दुसऱ्यात एक. काही सेकंदांत पाच उंदरांना विजेचा झटका बसणार. बटण दाबले तर तो त्या एकट्या उंदराला बसेल. (प्रत्यक्षात कोणत्याही उंदराला झटका दिला नाही.) "अशी वेळ आली तर काय कराल?" असे नुसते विचारले तेव्हा ६६ टक्के लोकांनी बटण दाबू म्हणून सांगितले. ज्यांच्यासमोर खरोखरीचे पिंजरे होते, त्यांतल्या ८४ टक्क्यांनी ते दाबले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कागदावरच्या नैतिक पेचांना एखाद्याने दिलेली उत्तरे पाहून तो पिंजऱ्यासमोर काय करील, हे सांगता येत नव्हते.

उलट बाजूही नोंदवायला हवी, नाहीतर लेख एकांगी होईल. मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ३४ जणांना संगणकाने रंगवलेल्या एका बाईला 'विजेचे झटके' द्यायला सांगितले. ती खोटी आहे हे सगळ्यांना पक्के ठाऊक होते. तरीही जे तिला पाहत आणि ऐकत होते, ते अस्वस्थ झाले. त्यांच्या शरीरांत ताणाच्या खुणा दिसल्या, आणि काहींनी झटके देणे मध्येच थांबवले. जे तिच्याशी फक्त लिखित मजकुरातून बोलत होते, त्यांनी मात्र सगळे झटके देऊन टाकले. तेव्हा 'खेळ म्हणजे निव्वळ खेळ, त्याचा माणसाशी संबंधच नाही' हे म्हणणेही खरे नाही. संबंध आहे, पण तो आरशासारखा सरळ नाही.

खोटं-खोटं

हा संबंध वाकडा का होतो, याची कारणे आपल्या अंगणातच आहेत. भातुकली खेळणारी मुलगी बाहुलीला रागावते, फटका देते, आणि आपण डोळे वटारले की म्हणते, "अगं, खोटं-खोटं!" डाव म्हणजे काय, हे तिला नेमके कळलेले असते. डाव मांडता येतो आणि मोडता येतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडून त्याला पाडणे ही मारामारी नसते. तीच पकड शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कुणाला केली तर पोलीस येतील.

नाटक-सिनेमाचेही असेच आहे. निळू फुल्यांनी पडद्यावर असे बेरकी, लंपट पाटील आणि पुढारी रंगवले की गावोगावच्या बायका त्यांच्या नावाने बोटे मोडत. प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेले, आयुष्यभर सामाजिक कामाशी जोडलेले गृहस्थ होते. अर्थात नटाची कृती संहितेत लिहिलेली असते, खेळाडू स्वतः निवड करतो. हा फरक खरा आहे. पण खेळाडूची निवडही चार गोष्टींनी वळवली जाते.

पहिली गोष्ट किंमत. खेळात चांगुलपणाला काही मोजावे लागत नाही आणि वाईटपणाची भरपाई करावी लागत नाही. दुसरी, परतीची वाट. डाव साठवून ठेवता येतो, फसला तर मागे जाता येते. तिसरी, बक्षीस. गुण ज्या दिशेला ठेवले असतील त्या दिशेला खेळाडू जातो, आमच्या आत्यासारखा. चौथी, कुतूहल. 'असे केले तर काय होईल?' हे पाहण्यासाठी पुष्कळ वाईट निवडी केल्या जातात.

या चारही गोष्टी दोन्ही बाजूंना लागू आहेत, हे आपण विसरतो. 'मास इफेक्ट' या मालिकेच्या निर्मितीत असलेल्या एकाने २०२० मध्ये सांगितले की, सुमारे ९२ टक्के खेळाडू सज्जनपणाचाच मार्ग निवडत. खेळातली निवड जर खऱ्या नीतीचा पुरावा असेल, तर जगातली दहांतली नऊ माणसे साधुसंत ठरतील. हे कुणी मान्य करणार नाही. खेळात भिकाऱ्याला पाणी पाजले म्हणून 'परोपकारी वृत्ती' असा शेरा कोणत्याही शाळेत लिहिलेला मी पाहिला नाही. मग माणसे चिरडली म्हणून 'आक्रमक' असे कसे लिहायचे? मोजपट्टी एकाच बाजूने वाचायची, हे मापनाच्या कोणत्याही नियमात बसत नाही.

इथे एक वेगळा प्रश्न बाजूला ठेवतो. असे खेळ खेळून मूल बिघडते का? 'खेळातून मूल दिसते का' आणि 'खेळामुळे मूल घडते का' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्याचे आजवरचे उत्तर सौम्य आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये म्हटले की, हिंसक खेळांचा ओरडणे, ढकलणे अशा वागण्याशी लहानसा संबंध दिसतो. गंभीर हिंसेशी तो जोडायला पुरेसा पुरावा नाही. आपल्याकडे २०१९ मध्ये ११ वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत 'पबजी' खेळावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. हिंसा आणि आक्रमकता ही त्यामागची चिंता होती. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये त्या खेळाच्या मोबाइल आवृत्तीवर बंदी आली, ती मात्र देशाची सुरक्षा आणि नागरिकांची माहिती या कारणांसाठी. मुलांच्या नीतीचा प्रश्न तसाच राहिला, आणि तो शाळेच्या दाराशी आला.

पटाखालची नोट

खेळात खरी नीती कधीच दिसत नाही का? दिसते. पण ती पटावर नसते, पटाभोवती असते.

व्यापाराच्या डावात एकजण बँक सांभाळतो. आमच्या चाळीत एकदा डाव संपल्यावर नोटा मोजल्या तेव्हा बँकेत पाचशेची एक नोट कमी भरली. ती पटाखाली सापडली. कुणी ठेवली यावरून भांडण झाले, आणि संशय माझ्या एका चुलतभावावर गेला, कारण बँक त्याच्याकडे होती. पुढचा महिनाभर त्याला कुणी डावात घेतले नाही. आत्याने भाडे वसूल केले ती खोटी-खोटी गोष्ट होती; ही मात्र खरी चोरी होती, कारण फसवले गेलेले खेळगडी खरे होते. आज मोबाइलवर चार मित्र मिळून खेळतात तेव्हाही असेच असते. समोरच्या पात्राला गोळी घालणे हा डाव आहे. पण कानाला लावलेल्या यंत्रातून समोरच्या मुलाला जातीवरून शिवी दिली, तर ती शिवी खरी असते. शिक्षकांनी लक्ष द्यायचे असेल तर ते इथे.

पण इथेही निष्कर्षाची घाई नको. ती नोट चुलतभावाने ठेवली नव्हती, मी ठेवली होती. त्या वेळी मी तोंड उघडले नाही. पुढे तो आमच्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार झाला, आणि त्याच्या हिशेबात रुपयाचा फरक कधी निघाला नाही. माझे म्हणाल तर आज माझ्या प्रयोगशाळेत आकड्यांच्या वह्या माझ्या सहीने बंद होतात. बाराव्या वर्षीच्या त्या नोटेवरून माझ्या नोंदपत्रकात 'अप्रामाणिक' असा शेरा पडला असता, तर तो त्या दुपारपुरता खरा होता. माझ्याबद्दल तो किती खरा होता?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मोठा प्रयत्न ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेत केला. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दहा हजारांहून अधिक शाळकरी मुले होती. मुलांना आपली उत्तरपत्रिका स्वतः तपासायला दिली. लांब उडीसारख्या प्रकारांत आपला आकडा आपणच सांगायला लावले. डोळे बांधून खेळायच्या खेळात कोण पट्टीखालून पाहते ते टिपले. कोड्याच्या डबीत नाणी ठेवून कोण खिशात घालते तेही पाहिले. म्हणजे वर्ग, मैदान, खेळ, पैसा अशा सगळ्या ठिकाणी प्रामाणिकपणाची परीक्षा झाली, आणि मुलांना तिचा पत्ता नव्हता.

निकाल असा: एका ठिकाणी फसवणारे मूल दुसऱ्या ठिकाणी फसवीलच असे नाही. कोणत्याही दोन चाचण्यांमधला सहसंबंध सरासरीने ०.२ च्या जरा वर निघाला. या आकड्याचा वर्ग केला तर सुमारे ०.०५ येतात. याचा अर्थ, एका चाचणीत मुलांमुलांत दिसणारा फरक दुसऱ्या चाचणीतल्या फरकाचा जेमतेम विसावा हिस्सा सांगतो. आणि लक्षात घ्या, या सगळ्या खऱ्या फसवणुकीच्या चाचण्या होत्या. जिथे फसवायला खरे माणूसच नाही, त्या पडद्यावरच्या निवडीचा भरवसा याहून किती धरायचा?

याच आकड्यांची पुढे फेरतपासणी झाली तेव्हा एक आशेची गोष्टही निघाली. एकेक चाचणी दुबळी असली तरी अनेक ठिकाणच्या, अनेक वेळच्या नोंदी एकत्र केल्या, की मुलाच्या स्वभावाची काहीएक ठळक रेषा उमटू लागते. आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो. एका वाचनावर विसंबत नाही, दहा घेतो.

तर मग शेऱ्याचे काय?

बाईंच्या आग्रहावरून मी त्या मुलाशी बोललो. 'व्हाइस सिटी' नावाचा तो खेळ मोठ्यांसाठीचा आहे. आठवीतल्या मुलाच्या हाती तो का आला, ही चौकशी घरच्यांनी जरूर करावी. मी त्याला एवढेच विचारले, "फूटपाथवर गाडी का घालतोस रे?"

तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, "ॲम्ब्युलन्स येते का ते बघत होतो."

"येते?"

"येते. माणसाला उठवून उभं पण करते. पण कधी कधी येताना दुसऱ्याच माणसाला उडवते." पुलाजवळ ती येते की नाही, रात्री येते की नाही, हे त्याने निरनिराळ्या जागी जाऊन पाहिले होते.

हे ऐकून मला बरे वाटले, हे कबूल करतो. प्रयोग करणारा माणूस मला ओळखीचा वाटतो. पण या उत्तराने मुलगा निर्दोष सिद्ध झाला, असे मी म्हणणार नाही. तेही एकच वाचन आहे, आणि परीक्षकासमोर दिलेले आहे. त्यातून कळते एवढेच की, 'माणसे चिरडतो' या एकाच कृतीमागे राग, कंटाळा, बढाई, कुतूहल असे काहीही असू शकते, आणि नुसत्या पडद्याकडे पाहून ते ओळखता येत नाही. 'काय केलेस?' याच्या जोडीला 'का केलेस?' हे विचारावे लागते.

मग मी बाईंना विचारले, "तो गरीब आहे असं तुम्ही म्हणालात, ते कशावरून?" त्या म्हणाल्या, "अहो, वर्गातल्या एका मुलाचा पाय प्लास्टरमध्ये होता. दीड महिना हा रोज त्याचं दप्तर तिसऱ्या मजल्यावर न्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं."

या नोंदीत सप्रमाणतेला लागणारे सगळे काही आहे. कृतीला किंमत पडत होती. ती पुन्हा पुन्हा घडली. बक्षीस नव्हते. समोरचे माणूस खरे होते. आणि बाईंनी ती स्वतः पाहिली होती. वर्णनात्मक नोंदींत मात्र तिचा उल्लेख नव्हता. तिथे आईच्या मोबाइलवर दोन मिनिटे पाहिलेला खेळ होता. बाईंनी वही काढली, शेरा वाचला आणि म्हणाल्या, "बरं झालं, पेन्सिलीनं लिहिलाय."

वर्गात करून पाहण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. पाचपाच मुलांचे गट करून त्यांना व्यापार खेळायला द्या. अर्धा तास नेहमीच्या नियमांनी खेळू द्या. मग मॅगीबाईंच्या पहिल्या संचासारखा एक नियम घाला: भाड्याची निम्मी रक्कम सर्वांच्या सामाईक पेटीत जाईल, आणि दर फेरीअखेर ती सारखी वाटली जाईल. पुन्हा अर्धा तास खेळू द्या. दोन्ही डावांत कोण कसे वागले ते मुलांनाच वहीत टिपायला सांगा. तीच मुले, त्याच नोटा, तरी वागणे बदललेले दिसते का? बदलले असेल तर काय बदलले, मूल की नियम? आणि दोन्ही डावांत न बदलणारे असे कुणाचे काही दिसले का? ही चर्चा मुले उत्तम करतात. तिच्यावरून कुणाच्याही नोंदपत्रकात काही लिहू मात्र नका.